बुजवलेल्या तळ्यांवरनं चालत जुनं कोल्हापूर कसं बघायचं

पाहुणे आले की आपल्याकडं ठरलेलं असतं, अंबाबाईचं दर्शन, मग न्यू पॅलेस, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, जाताना चप्पल आणि मग परत हायवे. यात वाईट काहीच नाही पण यात गाव बघायचं राहूनच जातं. मी गेली बरीच वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला, मावसभावंडं असोत नाहीतर ऑफिसातल्या मैत्रिणी, एका सकाळी पायी फिरवते, आणि आता इतक्या जणांनी रूट विचारलाय की एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं. एकूण अंतर चार-साडेचार किलोमीटर, थांबत थांबत साडेतीन तास धरा, चार पण होतील, गप्पा मारणारी माणसं असली तर पाच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, ती कळली की पुढचं सगळं आपोआप दिसायला लागतं. आज ज्याला आपण कोल्हापूरचा मध्यभाग म्हणतो तिथं पूर्वी जागोजागी तळी होती आणि गावाभोवती दगडी तट होता, तटाला वेशी होत्या. नावं बघा, रंकाळा, पद्माळा, सिद्धाळा, खंबाळा, पेटाळा. ही सगळी तळी. त्याशिवाय कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वराचं तळं. यातला रंकाळा तेवढा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं कळंबा तलावाचं पाणी नळानं गावात यायला लागलं, घरातनं प्यायचं पाणी मिळायला लागल्यावर तळ्याची किंमत कमी झाली, वस्ती तर वाढतच होती, मग एकेक करत तळी बुजली आणि त्या जागेवर मंडई आली, मैदान आलं, बाग आली, स्टेडियम आलं. तट पण पाडला. म्हणजे तुम्ही जो रस्ता चालणार आहात तो बराचसा जुन्या पाण्यावरनं जातो. नवीन कोल्हापूर जुन्याच्या शेजारी नाही, जुन्याच्या पोटात बांधलंय.

कधी यायचं ते सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, सकाळी हवा मस्त गार असते. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार देवळात गर्दी असते, नवरात्रात तर महाद्वार रोडवर पाऊल ठेवायला जागा नसते, त्यामुळं बुधवार किंवा गुरुवार धरा. पावसाळ्यात आलात तर छत्रीपेक्षा रेनकोट बरा कारण गल्ल्या अरुंद आहेत, आणि जुलै-ऑगस्टमधे निघायच्या आधी पंचगंगेची पातळी नक्की बघा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथल्या लहान पोराला पण पाठ असतात. ३९ च्या वर गेली असेल तर नदीकडं जायचं नाही, विषय संपला.

पायात जुने, वापरातले बूट किंवा सँडल घाला. काल घेतलेली नवी कोल्हापुरी घालून चार किलोमीटर चालायला निघाला तर कपिलतीर्थापर्यंत पोचायच्या आधी अंगठ्याला फोड येणार, ती चप्पल तेल पाजून, घरात घालून घालून मऊ करायची असते. गाडी आणली असेल तर बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा, मधल्या भागात चारचाकी घालायचा विचारच करू नका. स्टेशनवरनं किंवा सीबीएस म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवरनं येत असाल तर रिक्षा करा नाहीतर केएमटीची, म्हणजे गावातली सिटी बस पकडा आणि गंगावेशीत उतरा. सकाळी साडेसहाला. उशीर करू नका कारण दूध कुणासाठी थांबत नाही.

गंगावेस म्हणजे नदीकडची वेस, पंचगंगेकडं जाणारा दरवाजा. दरवाजा आता नाही, नाव आहे. आणि तिथं दूध कट्टा आहे. म्हशी आणून रस्त्याकडेला उभ्या केलेल्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून ग्लास हातात देतात. माझं सांगणं एवढंच की घाई न करता पाच मिनिटं नुसतं बघा. मालक आधी म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवतो, काहीतरी पुटपुटतो, पाण्याचा हात मारून आचळं धुतो, मग पहिल्या चार धारा बाजूला सोडतो, आणि मग भांड्यात धार पडायला लागते तेव्हा आधी पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा टणटण आवाज येतो आणि भांडं भरत गेलं तसा तो आवाज जड होत जातो, शेवटी नुसता फेसात धार घुसल्याचा फस्स आवाज. ग्लास हातात आला की तो कोमट असतो, अंगाच्या उबेचा. वर दोन बोटं फेस. सकाळी तालमीतनं घाम गाळून आलेली पोरं एका दमात रिकामा करतात. आसपास गंगावेस तालमीसारख्या नावाजलेल्या तालमी आहेत, पैलवान आणि दूध ही जोडी या भागात कशी जमली ते वेगळं सांगायला नको. एक मात्र मनापासून सांगते, कच्चं दूध सगळ्यांना सोसत नाही, गरोदर बाई, लहान मूल, पोट नाजूक असलेलं माणूस यांनी ते पिऊ नये, उकळलेलं मागा किंवा सरळ चहा घ्या, बघण्याचा आनंद तेवढाच आहे.

वेळ हातात असेल तर इथनं पंचगंगा घाटावर एक चक्कर मारून या, घाटाजवळच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. नुसती बघितली तर काही वाटणार नाही, पण तिथं १९४५-४६ ला उत्खनन झालं आणि या टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची एक ब्राँझची छोटी मूर्ती मिळालेली आहे. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून, ग्रीक-रोमन देव आमच्या नदीकाठी! ती टाऊन हॉल म्युझियममधे आहे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

गंगावेशीतनं रंकाळ्याकडं चालत जा. रंकाळ्यावर मी जास्त वेळ घालवत नाही, तो तुम्ही संध्याकाळी बघणारच आहात. फक्त काठावर उभं राहून एकदा पाण्याकडं नीट बघून घ्या, रुंदी बघा, काठाचा दगड बघा, सकाळी फिरायला आलेली म्हातारी माणसं बघा, कारण बाकीची तळी डोळ्यापुढं आणायची तर हाच एक नमुना शिल्लक आहे. एवढं मनात साठवा आणि गावाकडं तोंड करून शिवाजी पेठेत शिरा.

शिवाजी पेठेत रस्ता चुकलात तरी चालेल, कुणालाही विचारा, “दादा, गांधी मैदान कुठं?” म्हटलं की माणूस नुसता हात दाखवणार नाही, चार पावलं बरोबर येईल आणि वाटेत तुम्ही कुठले, कुणाकडं आलाय, जेवायला कुठं जाणार ते पण विचारून घेईल. त्याला उत्तरं द्या. पेठेतल्या माणसाला चौकशी म्हणजे आपुलकी, त्यात गैर काही नाही. बायकांना मावशी किंवा काकू म्हणा, वयस्कर माणसाला काका, आपल्या वयाच्या पोराला भावा. दारात बसलेल्या म्हातारीचा फोटो काढायचा तर आधी विचारा, नव्वद टक्के वेळा हो म्हणतात आणि पदर सारखा करून बसतात. वाड्याच्या चौकात डोकवायचं असेल तर हाक मारून आत जा, तिथं माणसं राहतात.

गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. इथं दहा मिनिटं द्या. मैदानाच्या कडेला उभं राहून बघा, आजूबाजूचा रस्ता वर आहे आणि मैदान खाली, वाटीसारखं. पोरं क्रिकेट खेळत असतात, निवडणुकीच्या सभा इथंच होतात, कोल्हापुरात सभा गाजली की नाही ते या मैदानावरनं ठरतं. पण जोराचा पाऊस दोन दिवस लागला की मैदानात पाणी साठतं आणि सकाळी उठून बघावं तर तळं. दरवर्षी. पेपरात दरवर्षी फोटो येतो, मैदानाला तळ्याचं स्वरूप. माझ्या आजीचं माहेर या भागातलं, ती पावसाळ्यात हा फोटो बघितला की म्हणायची, “स्वरूप कसलं, तळंच हाय ते, आपण इसरलो, पाणी इसरलं न्हाई.” मला या सगळ्या फिरण्यामागचं खरं कारण विचाराल तर ते हे वाक्य आहे. ती गेल्यावर मी पहिल्यांदा मुद्दाम पावसात इथं येऊन उभी राहिले. त्या दिवशी मैदानाच्या मधोमध पाण्यात गोलपोस्टचे दोन खांब उभे होते आणि त्यावर एक बगळा. त्यामुळं तुम्ही जुलैमधे आलात आणि पाऊस असला तर हळहळू नका, उलट तुम्हाला वरुणतीर्थ दिसेल जे नोव्हेंबरात येणाऱ्याला दिसत नाही.

तिथनं देवळाच्या दिशेनं निघा, बिनखांबी गणेश मंदिराच्या बाजूनं. आत जाऊन वर बघा, नावाप्रमाणं मधे खांब नाही. मग ताराबाई रोडकडं, कपिलतीर्थ मंडईत. हे दुसरं तीर्थ. आज इथं मेथी, वांगी, कोथिंबीर, ओली मिरची आणि माणसांचा कलकलाट आहे, पूर्वी इथं पाणी होतं. तळं बुजवलं आणि भाजी मंडई झाली पण नाव कुणी बदललं नाही, आणि मला हे फार आवडतं, आमच्या घरी अजून “कपिलतीर्थातनं भाजी आण” असंच म्हणतात, म्हणजे तीर्थातनं भाजी आणायची. मंडईतच कपिलेश्वराचं मंदिर आहे, कोल्हापूरचं ग्रामदैवत. अंबाबाईला येणाऱ्या लाखो माणसांतली किती जण इथं येतात माहीत नाही पण तुम्ही जा. भाजीच्या पाट्यांमधनं वाट काढत देवळात शिरलं की बाहेरचा आवाज एकदम खाली येतो. मंडईतल्या मावश्यांशी घासाघीस करायची तर काहीतरी घ्यायचं ठरवून करा, नुसती किंमत विचारून फोटो काढून पुढं गेलेलं त्यांना आवडत नाही आणि बरोबरच आहे. मी पाहुण्यांना इथं हिरवी मिरची घ्यायला लावते, घरी जाऊन ठेचा करा म्हणते.

इथवर येईपर्यंत साडेआठ झालेले असतात आणि भूक लागलेली असते. मिसळ खा. कुठली, यावर मी बोलणार नाही, त्यावरनं आमच्याकडं सख्खी भावंडं भांडलीत. एवढंच सांगते, कट म्हणजे तिखट रस्सा वेगळा मागा आणि आधी थोडा घालून बघा, आणि पाव नाही, ब्रेड असतो बऱ्याच ठिकाणी, तो कटात बुडवून खायचा.

आता महाद्वार रोड. देवळाच्या पश्चिमेचा दरवाजा तो महाद्वार, आणि हा रस्ता तिथनं सुरू होतो. रस्त्यात उभं राहून (बाजूला उभं राहा, दुचाक्या फार आहेत) देवळाकडं पाठ करा आणि पश्चिमेकडं बघा. दुकानांचे बोर्ड, गॅलऱ्या, केबल, वरच्या मजल्यावरची वाळत घातलेली कापडं. आता हे लक्षात घ्या की अंबाबाई पश्चिमेकडं तोंड करून उभी आहे आणि वर्षातनं दोनदा, ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याचे किरण याच रस्त्यावरनं, महाद्वारातनं, गरुड मंडपाच्या जागेतनं सरळ गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी सूर्याचा अंदाज घेऊन एवढं नेमकं बांधलं, आणि नंतर आपण रस्त्यावर मजले चढवत गेलो, त्यामुळं काही वर्षी किरण पायापर्यंतच येऊन थांबतात, कधी कुणाची पाण्याची टाकी आडवी येते, कधी पत्रा, कधी हवेतला दमटपणा आणि धूळ. मग मोजमाप होतं, अडथळ्यांची यादी होते, काही काढले जातात. शहराच्या मधल्या भागात एक मजला वाढवला तर त्याची सावली कुठवर जाते हे शिकायचं असेल तर किरणोत्सवाच्या दिवसात पावणेसहाच्या आधी इथं येऊन उभं राहा. मी २ फेब्रुवारीला एकदा गर्दीत उभी होते, किरण मूर्तीच्या गळ्याशी आले तसा सगळा मंडप श्वास रोखून गप्प झाला, मुखावर उजेड आला आणि घंटा वाजायला लागली, शेजारची अनोळखी बाई माझा हात घट्ट धरून रडत होती. मी पण.

देवळात जाताना मोबाईल बंद करून पिशवीत ठेवा, अंगभर कपडे घाला, चप्पल स्टँडवर काढा, रस्त्यावर सोडून जाऊ नका. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. आवारात मणिकर्णिका कुंड आहे. हे पण बुजवलेलं होतं, वर बांधकाम झालेलं होतं, आमच्या पिढीनं ते कधी बघितलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. अलीकडं काही वर्षांपूर्वी ते उकरून मोकळं केलं, खाली दगडी बांधणी निघाली. एवढ्या तळ्यांच्या गोष्टी ऐकून इथं आलात की या कुंडाचा अर्थ वेगळा लागतो. गावात इतकं पाणी बुजवलं, त्यातलं एक आपण परत उघडलं.

देवळाच्या आसपास अजून बरंच बदलणार आहे. मे २०२५ मधे चौंडीला राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली त्यात अंबाबाई मंदिर परिसराचा साधारण १,४४५ कोटींचा विकास आराखडा मंजूर झालाय. जागा मोकळी करायची, रस्ता रुंद करायचा, भाविकांची सोय करायची, हे सगळं लागणारच आहे, नवरात्रात तासन् तास रांगेत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पण या गल्ल्यांमधे पिढ्यान् पिढ्या दुकान चालवणारी, वर माडीवर राहणारी माणसं आहेत, ओटीचं सामान विकणारी, बांगड्या भरणारी, फुलवाली. आराखड्याच्या नकाशात ती फक्त मालमत्ता क्रमांक असतात. मला मनापासून वाटतं की जे होईल ते त्यांच्याशी बसून, त्यांना कुठं नेणार ते आधी सांगून व्हावं. तुम्ही फिरताना एवढं करा, ओटी, कुंकू, बांगड्या, जे घ्यायचं ते या गल्लीतनंच घ्या आणि घेताना दोन मिनिटं थांबून विचारा, “मावशी, किती वर्षं झाली इथं?” उत्तर ऐकायला अर्धा तास लागला तर लागू दे.

तिथनं भवानी मंडप जवळच. जुना राजवाडा, समोर उंच नगारखाना, आत तुळजाभवानीचं मंदिर आणि शाहू महाराजांच्या काळातली पेंढा भरलेली जनावरं, पोरांना हे फार आवडतं. मोठ्या माणसांनी नगारखान्याच्या कमानीखाली थांबून दगडावर हात ठेवून बघावा, भर उन्हात पण गार लागतो. बाजूला चप्पल लाईन. खरी चप्पल घ्यायची तर नाकाजवळ नेऊन वास घ्या, कातड्याचा वास लपत नाही, आणि तळ वाकवून बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी रेक्झिनचा माल कोल्हापुरी म्हणून विकणारे आहेतच, त्यामुळं कारागीर कोण, कुठनं आली, हे विचारायला लाजू नका. शिवाजी चौक पण इथनं दोन मिनिटांवर. तिथं पूर्वी इंग्रज गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता, बेचाळीसच्या चळवळीत लोकांनी त्याची पार दशा केली आणि १९४५ ला, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आधीच, त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला.

मग बिंदू चौक. इथं तटाचा एक तुकडा आणि बुरूज अजून उभा आहे, जेलच्या बाजूला. संपूर्ण रूटवर गावाचा जुना तट डोळ्यानं दिसतो तो इथंच, म्हणून घाई करू नका. काळा दगड, सांध्यातनं उगवलेली पिंपळाची रोपटी, खाली पार्किंगचे हॉर्न, बाजूला चहाची गाडी. मी पाहुण्यांना इथं उभं करून विचारते की तट कुठपर्यंत गेला असेल, आणि मग आपण सकाळपासून जी नावं ऐकली, गंगावेस, रंकाळावेस, ती जोडत हवेत बोटानं रेघ काढतो. गाव किती लहान होतं ते एकदम कळतं. चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत, ९ डिसेंबर १९५० ला बसवलेले, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. दोघं शेजारी शेजारी. शाहू महाराजांनी १९०२ ला ज्या गावात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या त्या गावाच्या मधल्या चौकात हे दोघं असणं किती बरोबर आहे, इथं थांबून नमस्कार करा. आणि हो, आमचे पुढारी एकमेकांना “बिंदू चौकात या, होऊ दे समोरासमोर” म्हणून आव्हान देतात तो चौक हाच.

बिंदू चौकातनं खासबागेकडं जायचं. शाहू महाराज १९०२ ला विलायतेला गेलेले तेव्हा त्यांनी रोमचं जुनं प्रेक्षागार बघितलं आणि तसं कुस्तीचं मैदान आपल्या गावात पाहिजे म्हणून हे बांधलं, १९१२ ला तयार झालं. मधे लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, कुठंही बसा, पैलवानाचा पाय दिसतोच. कुस्ती नसेल तरी गेट उघडं असेल तर वर चढून बसा. मातीचा वास येतो, तिच्यात तेल, ताक, हळद मुरवलेली असते.

आणि त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, संगीत नाटकातले गायक-नट केशवराव यांच्या नावाचं. १९१५ चं, आधीचं नाव पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्री सगळं कोल्हापूर रस्त्यावर होतं, मी पण गेले होते, धूर पार लांबपर्यंत दिसत होता आणि आयुष्यभर तिथं मेकअप केलेले, पडदे ओढलेले, तिकीटं फाडलेले लोक फूटपाथवर बसून लहान पोरासारखे रडत होते. माझं शाळेचं पहिलं गॅदरिंग या स्टेजवर झालेलं, तीन वाक्यं होती मला आणि दुसरं विसरले तर विंगेतनं बाईंनी सांगितलं. पुन्हा उभारायचं काम हाती घेतलंय, तुम्ही जाल तेव्हा किती झालंय त्यावर आत जाता येईल की नाही ते ठरेल. आत नाही सोडलं तर वाद घालू नका, कामाची जागा आहे. बाहेरनं बघा, दगडी भिंती बघा. परत बांधताना जुन्याचं काय ठेवायचं आणि नवं काय करायचं हा प्रश्न या गावात पहिल्यांदा पडलेला नाही, सकाळपासून आपण तेच बघत आलोय, पण इतका जिव्हाळ्याचा मात्र पहिल्यांदाच असेल. शेजारीच खाऊगल्ली आहे, पण ती संध्याकाळची, सकाळी काही मिळत नाही.

शेवटचा टप्पा शाहू स्टेडियम, म्हणजे रावणेश्वराचं तळं. शेजारी रावणेश्वराचं मंदिर आहेच, त्यावरनं खूण पटते. वरुणतीर्थाचं मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली आणि या तळ्याचं फुटबॉलचं स्टेडियम झालं, आणि कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, पेठेपेठेची टीम, पेठेपेठेचा झेंडा. हिवाळ्यात आलात आणि केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग चालू असली तर सकाळचा रूट इथं संपवून घरी जा, जेवा, झोपा आणि मॅचच्या वेळेला परत या. तिकीट काढून आत बसा. कुठल्या पेठेच्या पोरांमधे बसलाय ते आधी बघून घ्या आणि त्यांच्या टीमलाच टाळ्या वाजवा. गोल झाला की आख्खी गॅलरी एकदम उठते, पायाखालचं काँक्रीट थरथरतं, आणि खाली, जिथं एकेकाळी पाणी होतं, तिथं अकरा पोरं धावत कोपऱ्यातल्या झेंड्याकडं जातात.

परत जायला स्टेडियमच्या बाहेर रिक्षा मिळतात. मॅच सुटल्यावर मात्र मिळत नाहीत, तेव्हा बिंदू चौकापर्यंत चालत या आणि तिथनं पकडा.